कुमारांची कबड्डी आणि जमिनीचा भाव

१९९७ साली दिघी गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतजमिनीला भूखंडाचा भाव चढू लागला. या व्यवहारात कुमार गटाच्या कबड्डीचा हिशेब कोणी मांडला काय? २० वर्षांखालील, ठरावीक वजनमर्यादेतील मुलांना घडविते ते गल्लीतले मंडळ. २०१४ पासूनची व्यावसायिक लीग बोली लावते ती तयार खेळाडूंवर. पेरणी एकाची, बाजार दुसऱ्याचा! मंडळाच्या पदरी उरते ती वर्गणीची वही आणि उसनी जागा. ज्याचा लाभ साऱ्या समाजाला, ते बाजार आपण होऊन पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. क्रीडांगणास लागते १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जमीन. तेवढी राखणे हे महापालिकेचे औदार्य नव्हे, कर्तव्यच होय.