मुलांचें वजन आणि वंशभेद

दरवर्षीं आमच्या शाळेंत मुलांची उंची व वजन पाहण्यांत येतें. यंदां त्या प्रसंगीं हजर असलेल्या दोन पालकांचें बोलणें आमच्या मनांत घोळत राहिलें. एक गृहस्थ धानोऱ्यांतील दुकानदार. त्यांचा मुलगा वर्गांत सर्वांत जाड आहे. ते म्हणाले, “गुरुजी, पोरगा खात्यापित्या घरचा आहे, यांत काळजी कसली?” दुसरे गृहस्थ रानांतल्या एका खेड्याचे गोंड शेतकरी. त्यांचा मुलगा अगदीं सडपातळ. ते हंसून म्हणाले, “आमची जातच काटक, गुरुजी. आम्हांला लठ्ठपणा शिवायचा नाहीं.” दोघांसही पुरतें उत्तर देणें त्या गर्दींत जमलें नाहीं, म्हणून तें येथें लिहीत आहों.

प्रथम माप कसें घेतात तें पाहूं. बेल्जम देशांतील केतले नांवाच्या गणितज्ञानें १८३२ सालीं दाखविलें कीं, प्रौढ माणसाचें वजन साधारणपणें उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणून किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागितात. दीड मीटर उंचीच्या मुलीचें वजन ४५ किलो असल्यास ४५ भागिले २.२५, म्हणजे २० हा अंक येतो. यास १९७२ सालीं ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव मिळालें. आपण त्यास सोयीसाठीं देहांक म्हणूं. प्रौढांचा देहांक २५ झाला म्हणजे वजन जास्त व ३० झाला म्हणजे स्थूलता, असें जागतिक आरोग्य संघटना मानते. वाढत्या मुलांस हे अंक जसेच्या तसे लागू पडत नाहींत. मुलाचें वय आणि तो मुलगा कीं मुलगी हें पाहून तक्त्यावरून निर्णय करावा लागतो.

या मापांत एक उणीव आहे. वजनकांट्यावर हाड, मांस व चरबी यांचें वजन एकत्रच होतें. कोणाच्या अंगांत चरबी किती, हें कांटा सांगत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण जगापुढें ठेविलें. दोघांचाही देहांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ व याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ भरली. कांटा दोघांस सारखें म्हणाला. आंतली गोष्ट निराळी होती.

हा भेद जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भवती मातांची व बालकांची पाहणी सुरू केली. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो आढळलें. परंतु आपल्या बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची व पोटांतील अवयवांची. त्वचेखालची चरबी त्या मानानें टिकून राहिलेली होती. अशा चरबीमुळें, विशेषतः ती पुढें पोटांत सांचली असतां, मधुमेह व हृदयविकार लौकर जडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००४ सालीं आशियांतील प्रौढांसाठीं २३ हीही एक सावधगिरीची खूण धरावी असें सुचविलें. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ सालीं केलेल्या तक्त्यांतही आपल्या मुलांसाठीं हीच कडक खूण धरिली आहे.

आतां परदेशांतील मुलांकडे पाहूं. अमेरिकेंत २०१७ ते २०२० या काळांत २ ते १९ वर्षांच्या मुलांची मोजणी झाली. तींत स्थूल मुलांचें प्रमाण स्पॅनिशभाषी देशांतून आलेल्या घराण्यांत शेंकडा २६.२, कृष्णवर्णीयांत २४.८, गोऱ्यांत १६.६ व आशियाई घराण्यांत ९ असें आढळलें. हा शेवटचा आंकडा वाचून आपल्यांपैकीं कित्येकांस समाधान वाटेल. पण वर सांगितलेली उणीव ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्लंडांतील संशोधकांस असें आढळलें आहे कीं, भारत, पाकिस्तान व बांगलादेश या देशांतून तेथें गेलेल्या घराण्यांतील मुलांच्या अंगची चरबी देहांकावरून वाटते त्याहून अधिक असते, आणि कृष्णवर्णीय मुलांची त्याहून कमी. तेव्हां एकच फूटपट्टी सर्वांस लाविली, तर एकाचा दोष झांकला जातो व दुसऱ्यावर नसता दोष येतो.

मग हें सगळें रक्तांतच लिहिलेलें आहे काय? तसें मानणें चूक होईल. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत पिमा नांवाचे आदिवासी लोक राहतात. त्यांचेच भाऊबंद सरहद्दीपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत शेती करून राहतात. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत डोंगरांतल्या प्रौढ पिमांचा सरासरी देहांक २४.९ व ॲरिझोनांतल्यांचा ३३.४ भरला. २००६ सालच्या अहवालांत मधुमेहाचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा ६.९ व दुसऱ्यांत शेंकडा ३८ दिसलें. वंश एकच, पण एकीकडे अंगमेहनत व घरचें धान्य, दुसरीकडे बैठें जीवन व बाजारचें अन्न. वंशामुळें शरीराचा कल ठरत असेल, पण तो कल रोगापर्यंत नेणारें ओझें बहुतांशीं राहणीचें असतें.

येथें आमच्या गोंड पालकांच्या बोलण्याचें उत्तर सांपडतें. मुलगा काटक आहे तो त्याच्या जातीमुळें नव्हे. भातशेतींत राबणें, रानांत हिंडणें, घरचा भात, आंबील, तरोट्याची भाजी, पावसाळ्यांतील सात्या व वास्ते यांवर तें शरीर घडलें आहे. हें सुटलें कीं काटकपणाही सुटेल. शिवाय सडपातळपणा नेहमींच आरोग्याचें लक्षण असतो असें नाहीं. २०१६ ते २०१८ या काळांत झालेल्या देशव्यापी पाहणींत १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा २४ जरुरीपेक्षां कृश व शेंकडा ५ जरुरीपेक्षां वजनदार आढळलीं. आमच्याच तालुक्यांत चातगांव येथें डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचें शोधग्राम आहे. त्या संस्थेनें १९९५-९६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ खेड्यांत ज्या नवजात बालकांची पाहणी केली, त्यांपैकीं शेंकडा ४२ बालकें अडीच किलोंहून कमी वजनाचीं होतीं. तीं आज तिशीच्या घरांत आलीं आहेत. त्यांतील कित्येक जण आतां स्वतः पालक असतील.

लहान जन्मलेल्या मुलांविषयीं दिल्लीच्या संशोधकांनीं २००४ सालीं एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. त्यांनीं सुमारे दीड हजार माणसांचा जन्मापासून तिशीपर्यंतचा हिशेब ठेविला होता. ज्यांस पुढें मधुमेह झाला अथवा त्याचीं पूर्वचिन्हें दिसलीं, तीं माणसें तान्हेपणीं कृश होतीं. मात्र दोन ते बारा या वयांत त्यांचा देहांक इतरांच्या मानानें सारखा चढत गेला होता. आणि बाराव्या वर्षीं त्यांपैकीं एकही मूल लठ्ठ म्हणण्याजोगें नव्हतें! म्हणजे धोका होता, पण तो डोळ्यांस दिसत नव्हता. ज्या मुलाचा पिंड तुटपुंज्या अन्नावर घडला, त्याच्या हातीं अकस्मात् पुडींतले खारे पदार्थ, बिस्किटें व गोड पेयें आलीं आणि चालणें जाऊन मोटारसायकल व मोबाईल आला, तर त्याच्या अंगीं मांस वाढण्याऐवजीं चरबीच सांचते.

याचा अर्थ सडपातळ मुलांस कमी खाऊं घालावें असा कोणीं करूं नये. त्यांस डाळ, अंडीं, मासे, दूध, पालेभाज्या व फळें अधिक मिळालीं पाहिजेत, म्हणजे हाडें व स्नायू बळकट होतील. मुलींच्या बाबतींत तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. पुण्याच्या पाहणींत ज्या मातांनीं गरोदरपणीं दूध, हिरव्या भाज्या व फळें अधिक वेळां खाल्लीं, त्यांचीं बालकें आकारानें मोठीं जन्मलीं. सर्वांचें उरलेलें मुलीनें खावें ही घरोघरची रीत पुढच्या पिढीच्या मुळावर येते.

दुकानदार पालकांसही आमचें सांगणें आहे. मूल जाड असल्यास तें सुखवस्तूपणाचें भूषण समजूं नये, आणि तो मुलाचा अपराधही समजूं नये. त्यास एकाएकीं उपाशी ठेवणें हानिकारक आहे. घरांत सर्वांनींच बाजारचें तळलेलें व गोड कमी करावें, आणि मुलास रोज निदान एक तास धांवूं-खेळूं द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेचें मापही तेवढेंच आहे. वजन एकदांच न पाहतां दर सहा महिन्यांनीं उंचीसह टिपून ठेवावें, व तक्त्यांतील रेषा एकदम वर चढूं लागल्यास, मूल बारीक दिसत असलें तरी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एकच विनंति. वजनाच्या दिवशीं कोणास ‘हत्ती’ व कोणास ‘काडी’ म्हणून हांका मारलेल्या आम्हीं ऐकल्या आहेत, आणि त्यानंतर एक मुलगी दोन दिवस डबा न खातां परत नेत होती हेंही पाहिलें आहे. देह हें देवाचें मंदिर आहे, असें आपण या शाळेंत शिकतों. कोणाचें मंदिर कोणत्या मातीचें व कसल्या उन्हापावसांत उभें राहिलें, हें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या देहास हंसूं नका, आणि स्वतःच्या देहाची हेळसांड करूं नका.