कार्ड गेलं रेंज शोधायला

आज कार्डावरच्या चिपबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण रामनगरच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि चिप मागे पडली. पाहुण्यांना घेऊन ते गणेशगुडीच्या बाजूला जेवायला गेले होते. बिलाच्या वेळी पोरगा म्हणाला, "काका, मशीनला इथं रेंज नाही, वर रस्त्यावर जावं लागतं. कार्ड द्या आणि पिन सांगा." त्यांनी कार्ड दिलं, पिनही सांगितला. थोड्या वेळानं कार्ड आणि पावती परत आली. त्यांचं म्हणणं, पोरगा ओळखीचा, पैसे बरोबर कापले, मग बिघडलं कुठं?

जोयडा तालुक्यात हे नेहमीचंच. कार्ड मशीनमध्ये सिम असतं, त्याला जंगलात सिग्नल मिळाला नाही की मशीन उचलून चढावर न्यावंच लागतं. दुकानदाराचा यात काही दोष नाही. माझा आक्षेप एवढाच, की मशीनबरोबर कार्ड जातं आणि कार्डाचा मालक पानावर बसून राहतो.

तेवढ्या वेळात समोरचे सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे मोबाइलमध्ये टिपून घेता येतात. भारतातल्या साइटवर एवढ्यानं भागत नाही, ओटीपी लागतो. परदेशातल्या कित्येक साइट तो विचारतच नाहीत. दुसरी वाट मागच्या काळ्या पट्टीची. चिपची नक्कल करणं फार अवघड, पण पट्टी मुठीत मावणाऱ्या यंत्रातून एकदा ओढली की तिच्यावरची माहिती गेली. नकली कार्डाला मग पिन तेवढा हवा असतो, आणि तो आपण शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल असा सांगून मोकळे झालेलो असतो.

पिन सांगण्याची ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले, त्यात चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, आणि त्या व्यवहाराचा बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एका पैशाचाही बोजा नाही. पण पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमच्या माथी.

तेव्हा हात धुवा आणि मशीनच्या मागोमाग चढ चढा. रक्कम वाचा, कार्ड स्वतः घाला, दुसऱ्या हाताचा आडोसा करून पिन दाबा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहारांचं बटणही बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ते बंदच असतं, पण एखाद्या खरेदीसाठी चालू केलं की बंद करायचं राहून जातं. मागचे तीन आकडे पाठ करून त्यांवर चिकटपट्टी लावावी, असं मी घरच्यांनाही सांगतो.

पावती फाडावी का, असंही त्यांनी विचारलंय. आताच्या पावतीवर बहुधा शेवटचे चारच आकडे छापलेले असतात. सेंट्रल बँकेनं १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, त्या जमान्यात कार्डावरचे उठावाचे आकडे दाबयंत्रानं कागदावर उमटवत आणि मधल्या कार्बनवर अख्खा नंबर राहायचा. जाणती माणसं तो कार्बन मागून घेऊन दुकानातच फाडत.

होमस्टेवाल्यांनीही एक करावं. बिल जेवणाच्या टेबलावर न घेता, पाहुणे निघताना रेंजच्या जागी त्यांना सोबत नेऊन घ्यावं. आणि रामनगरच्या वाचकांनी पिन आजच बदलावा, एटीएमवर होतो. चिपचं पुढच्या आठवड्यात.