शब्दांच्या जोड्या : पाठीराख्यांची विशेषणं

'कट्टर' या एका विशेषणावर मराठी माणूस बरंच भागवतो. निवडणुकीच्या फ्लेक्सवर 'कट्टर कार्यकर्ता' हा गौरव असतो, अग्रलेखात 'कट्टरपंथी' हा ठपका असतो. इंग्रजीत या कामाची वाटणी झालेली आहे.

'स्टॉन्च सपोर्टर' ही सगळ्यात भरवशाची जोडी. हा माणूस वर्षानुवर्षं बाजू सोडत नाही, आरडाओरडाही करत नाही. 'आर्डन्ट' आणि 'फर्व्हन्ट'मध्ये भावना अधिक. 'व्होकल सपोर्टर' चारचौघांत बोलतो. त्याच्या मनात किती आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. 'रॅबिड' हे पिसाळलेल्या कुत्र्याचं विशेषण. ते कुणी पाठीराख्याला लावलं, की बोलणारा पलीकडच्या गोटातला आहे हे लगेच ओळखावं.

माझी आवडती जोडी 'डायहार्ड सपोर्टर'. 16 मे 1811 रोजी स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत ब्रिटिशांच्या 57 व्या पायदळ पलटणीचे जखमी कर्नल विल्यम इंग्लिस 'डाय हार्ड' असं शिपायांना ओरडून सांगत राहिले, अशी कथा आहे. मरायचंच तर झुंजून मरा! पलटणीला ते नावच पडलं. पुढे 1911 मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या नकाराधिकाराला कात्री लावणारं विधेयक आलं, तेव्हा शेवटपर्यंत अडून बसलेल्या उमरावांनाही लोक 'डायहार्ड' म्हणू लागले. विधेयक 131 विरुद्ध 114 मतांनी संमत झालं. आजही या शब्दात कौतुकाबरोबर चिमूटभर कीव असते, ती बहुधा या उमरावांचीच देणगी असावी.

'कार्ड-कॅरिंग मेंबर' म्हणजे खिशात सभासदत्वाचं कार्ड बाळगणारा. दिसायला निरुपद्रवी. पण शीतयुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही जोडी कम्युनिस्टांसाठी सर्रास वापरली गेली आणि तिला संशयाचा वास लागला. 1988 च्या अध्यक्षीय निवडणुकीत थोरल्या जॉर्ज बुश यांनी मायकेल डुकाकिस यांना नागरी स्वातंत्र्य संघटनेचे 'कार्ड-कॅरिंग मेंबर' म्हणून डिवचलं. डुकाकिस सभासद होतेच, त्यांनी तसं सांगितलंही होतं. खोटं काहीच नव्हतं, तरी टोचायचं ते टोचलं.

आता एक गंमत. 'लूकवॉर्म' आणि 'टॅसिट' ही विशेषणं सहसा सपोर्टला लागतात, सपोर्टरला क्वचितच. 'टॅसिट सपोर्टर' तर कानाला खटकतंच. ज्याचा पाठिंबा कोमट किंवा मूक, तो पाठीराखा म्हणवून घ्यायला पुढे येतो कशाला? अपवाद 'फेअर-वेदर सपोर्टर'चा. संघ जिंकत असेपर्यंत हा सगळ्यांच्या पुढे!

शिफारसपत्रात 'स्टॉन्च' लिहा, 'डायहार्ड' क्रिकेटच्या गप्पांसाठी ठेवा. पुढच्या आठवड्यात विरोधकांकडे वळू. 'स्टॉन्च' तिकडेही भेटणार आहे.