कुलस्वामिनीच्या वाटेवर मुक्या सोबत्याचा मुक्काम

कुलस्वामिनीच्या दर्शनास सहकुटुंब तुळजापुरास जावयाचें ठरलें, म्हणजे पुष्कळ घरांतून आज एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. आणि तो पैशाचा, गाडीचा किंवा सुटीचा नसतो. ‘कुत्र्याचें काय करावयाचें?’ हा तो प्रश्न होय. नातवंडांच्या हट्टानें घरांत आलेला हा प्राणी दोनतीन वर्षांत घरचाच एक होऊन बसलेला असतो. त्यास बरोबर न्यावें तर उतरण्याच्या ठिकाणीं त्याला थारा मिळत नाहीं. मागें ठेवावें तर त्याच्याजवळ कोणीतरी राहिलें पाहिजे. हें राहणारें माणूसहि बहुधा ठरलेलें असतें. एक तर गुडघे दुखणाऱ्या आजीबाई, नाहीं तर घरची थोरली सून. ‘तुम्ही सगळीं जाऊन या, मी आहें घरीं,’ असें त्या म्हणतात, आणि यंदाहि त्यांच्या वतीनें देवीची ओटी दुसरेंच कोणी भरतें. म्हणून प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्याचा थोडा विचार करणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें.

पूर्वींच्या प्रवासांत जनावर बरोबर असणें हाच नियम होता. बैल किंवा घोडा यांच्यावांचून वाट सरत नसे. त्यामुळें धर्मशाळा बांधणारा दाता माणसांच्या ओवऱ्यांबरोबर जनावरांचाहि विचार करी. आवारांत तीं बांधावयास जागा असे, आणि जवळपास आड किंवा बारव असे. बैलाची सोय नसेल, तर गाडीवान तेथें उतरतच नसे! मोटार आली आणि ओढणारें जनावर प्रवासांतून गेलें. त्याबरोबर मुक्कामाच्या जागेंतील त्याची सोयहि गेली. आज प्रवाशाबरोबर जें जनावर येतें, तें कामाचें नसून लोभाचें असतें. कामाच्या जनावराला जागा आपोआप मिळत असे. लोभाच्या जनावराला ती मागून घ्यावी लागते.

जुनी रीत मात्र अगदींच नाहींशी झालेली नाहीं. दख्खनच्या पठारावर मेंढ्या घेऊन हिंडणारे धनगर आजहि पाहावयास मिळतात. मेंढरें, घोडीं, कोंबड्या आणि राखणीचीं कुत्रीं असा सारा संसार घेऊन ते एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातात. शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानांत मेंढ्या बसवावयास बोलावितो. रात्रभर पडलेल्या लेंड्यामुताचें उत्तम खत होतें, आणि त्याच्या मोबदल्यांत तो धनगरास धान्य किंवा पैसा देतो. येथें मुक्कामाचें भाडें पाहुण्यानें द्यावयाचें नसून यजमानानें द्यावयाचें असतें, आणि तेंहि जनावरांमुळें! शहरांतील खानावळवाल्यास हें सांगितलें, तर त्याचा विश्वास बसणार नाहीं.

कुत्र्याविषयीं आपल्या घरांतील वृद्धांची भावना दुहेरी असते, आणि ती समजून घेतली पाहिजे. एकीकडे सोंवळ्याची चाड. दुसरीकडे श्राद्धाच्या दिवशीं गाय व कावळा यांच्याबरोबर कुत्र्यासाठींहि बलि काढून ठेवण्याचा आचार. म्हणजे त्याला स्वयंपाकघरांत येऊं द्यावयाचें नाहीं, पण उपाशीहि ठेवावयाचें नाहीं, असा आपल्या पूर्वजांचा दंडक दिसतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजापुढें हाच पेंच पडला. इंद्र रथ घेऊन आला, परंतु कुत्र्यास स्वर्गांत जागा नाहीं असें म्हणाला. तेव्हां आश्रितास टाकून मिळणारा स्वर्ग नको, असें धर्मराजानें साफ सांगितलें. ज्या धाराशिव जिल्ह्याकडे आपण निघालों आहों, त्यांतच खंडोबाचें एक प्रसिद्ध ठाणें आहे. हा देव वर्षाचा कांहीं काळ अणदुरास व कांहीं काळ नळदुर्गास राहतो. स्वतः मुक्काम बदलणारा हा देव, आणि त्याच्या मूर्तींत व चित्रांत घोड्याजवळ कुत्रें हें असावयाचेंच! तेव्हां कुत्रें घेऊन या वाटेनें जाणें कांहीं जगावेगळें नव्हे.

तथापि उतारूंना जागा देणाऱ्या मालकाची बाजूहि रास्त आहे. खोलींत केंस पडतात, गादी खराब होते, रात्रीं भुंकण्यानें शेजारच्यांची झोंप मोडते. शिवाय कुत्र्याला मनापासून भिणारीं माणसें व मुलें असतात. देवस्थानांच्या भक्तनिवासांतून तर शेंकडों यात्रेकरू एकत्र राहतात. तेथें कुत्र्याची सोय होईल अशी अपेक्षाच धरूं नये. नकार मिळाला म्हणून रागावणें, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुत्र्याला शालींत गुंडाळून चोरून वर नेणें, हें सुशिक्षित कुटुंबास शोभत नाहीं. अशा एका चोरीमुळें पुढच्या दहा प्रवाशांना दार बंद होतें.

मग उपाय काय? पहिला असा कीं, मुक्काम गांवाच्या ऐन मध्यांत न शोधतां बाहेर शोधावा. २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुण्यांची सोय करतां येते. ज्या घरीं गाई, शेळ्या आणि राखणीचें कुत्रें आधींच आहे, तेथें आणखी एका कुत्र्याचें अप्रूप नसतें. मात्र घरच्या कुत्र्याशीं त्याची गांठ मालकाच्या देखत व दोरी हातांत धरूनच घालावी. दुसरा उपाय असा कीं, पुण्याहून सोलापूर सुमारें २५० किलोमीटर व तेथून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर आहे. पाऊणशें वर्षांचीं माणसें आणि कुत्रें यांना घेऊन हा पल्ला एका दमांत गांठण्याऐवजीं सोलापूरच्या आसपास एक रात्र काढावी. शहर मोठें असल्यानें तेथें निवडीस वाव असतो.

संकेतस्थळावर ‘पाळीव प्राणी चालतील’ असें लिहिलें आहे, एवढ्यावर विसंबूं नये. दूरध्वनि करून प्रत्यक्ष विचारावें: केवढें कुत्रें चालतें? तें खोलींत राहील कीं बाहेर बांधावें लागेल? वेगळा आकार किती? तळमजल्याची खोली मिळेल काय? मिळालेलें उत्तर लेखी मागून घ्यावें. संदेशाच्या दोन ओळी पुरतात. आपणहि कुत्र्याची जात, वय व संवय खरी सांगावी. त्याची नेहमींची सतरंजी, भांडें व जुनें फडकें बरोबर न्यावें. स्वतःच्या वासाच्या अंथरुणावर तें परक्या जागींहि शांत झोंपतें. खोली सोडतांना ती आपल्या हातानें झाडून द्यावी.

प्रवासापूर्वीं पिसाळीची लस टोंचल्याचा दाखला पाहून ठेवावा. ही लस पिल्लू तीन महिन्यांचें झाल्यावर देतात व पुढें वैद्याच्या सल्ल्यानें ती पुनः टोंचावी लागते. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे माणूस काय किंवा जनावर काय, वांचणें जवळजवळ अशक्य असतें. म्हणून मालकानें दाखला मागितला, तर त्यांत अपमान मानूं नये. निघण्यापूर्वीं तीनचार तास कुत्र्यास पोटभर खाऊं घालूं नये; पाणी मात्र वाटेंत वरचेवर द्यावें. प्रसादांतील मनुका व जेवणांतील कांदा त्यास विषवत् आहेत, हें मुलांना बजावून ठेवावें.

या भागांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून ‘पांच मिनिटांत दर्शन घेऊन येतों’ असें म्हणून त्यास बंद मोटारींत ठेवणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. कांचा थोड्या उघड्या ठेवल्यानें हा धोका टळत नाहीं. डांबरी रस्त्यावर आपला तळहात क्षणभर टेकवून पाहावा. जो चटका आपल्याला सोसवत नाहीं, तो त्याच्या पंजालाहि सोसत नाहीं. शक्य तर हिंवाळ्यांत जावें. नवरात्र व आश्विनी पौर्णिमा यांच्या गर्दींत, संबळाच्या आणि वाद्यांच्या गजरांत, कुत्र्यास नेणें हा त्याचा छळच होय.

देवळांत कुत्र्यास नेतां येत नाहीं, हें उघड आहे. कुटुंबाच्या दोन तुकड्या कराव्या. एकीनें दर्शनास जावें, दुसरीनें मुक्कामावर कुत्र्याजवळ बसावें, आणि मग पाळी बदलावी. नळदुर्गचा किल्ला पाहावयाचा असेल, तरी प्रवेशाची चौकशी दाराशींच आधीं करावी.

या पाळीविषयीं आमची एक सूचना आहे. पहिल्या तुकडींत, जी सून किंवा जे वृद्ध आजवर घरीं राहिले, त्यांना प्रथम पाठवावें. आणि कुत्र्याजवळ बसण्याचें काम, ज्यांनीं हट्ट करून तें घरांत आणलें त्या मुलांनीं व त्यांच्या वडिलांनीं पत्करावें. प्राणी पाळण्याची हौस साऱ्या घराची आणि त्याचा भार मात्र एकट्या बाईचा, ही वांटणी न्यायाची नव्हे. मुक्या जनावराला वाटेवर थारा मिळावा असें आपण म्हणतों तें योग्यच आहे. पण त्या थाऱ्याबरोबर घरच्या थोरल्या सुनेसहि आपल्या हातानें देवीची ओटी भरावयास मिळाली, म्हणजेच ती यात्रा सुफळ झाली असें म्हणतां येईल.