सुपारी जाऊ दे, अडकित्ता राहू दे!

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. दोन पाय आहेत, पण एक पाऊल चालत नाही. दात एकच, पण दगडासारखा घास कटकन फोडतो. आणि एवढं करून स्वतः काहीच गिळत नाही! ओळखलंत का? ज्यांच्या घरी पानाचा डबा आहे, त्यांनी केव्हाच ओळखलं असेल. बाकीच्यांनी आजीला विचारा. उत्तर आहे, अडकित्ता!

“हॅत्! सुपारी फोडायच्या हत्यारावर कसला आलाय लेख?” असं मनात आलं ना? जरा थांबा. तिकिटं, नाणी, काड्यापेट्या जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण जुने, नक्षीदार मुठींचे चाकू आणि अडकित्ते जमवणारी माणसंही जगात आहेत. आणि अडकित्ता म्हणजे चाकूचा सख्खा भाऊच की! चाकू मिटून खिशात राहतो, अडकित्ता मिटून चंचीत राहतो. कच्छमधलं अंजार हे गाव तर सुऱ्या, चाकू आणि अडकित्ते या तिन्हींसाठी प्रसिद्ध आहे.

अडकित्ता हा शब्दही मजेदार आहे. कानडीत सुपारीला ‘अडके’ म्हणतात. त्यावरूनच आपला अडकित्ता आला. हिंदीत तो सरौता, गुजरातीत सूडी, श्रीलंकेत गिरय आणि इंडोनेशियात काचिप. म्हणजे सुपारीच्या पाठोपाठ अडकित्ताही दूरदूर पोचला. तेलुगू लोक तर पेचात सापडलेल्या माणसाला ‘अडकित्त्यातली सुपारी’ म्हणतात. वरून पातं, खालून बैठक, बिचारीने जायचं कुठे?

आता जरा विज्ञान. आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. अशी वाळलेली सुपारी साध्या सुरीने कापायला गेलात, तर सुरी घसरेल आणि बोट कापेल. मग अडकित्ता ती एवढ्या सहज कशी फोडतो? तुम्ही तरफ शिकलात ना? अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. खिळीपाशी टेकू, मध्ये सुपारी म्हणजे भार, आणि दुसऱ्या टोकाला तुमच्या हाताचं बल. समजा, खिळीपासून सुपारी ३ सेंटिमीटरवर आहे आणि तुमची मूठ १५ सेंटिमीटरवर. मग हाताचा जोर सुपारीवर पाचपट होऊन पडतो. आजोबांच्या थरथरत्या हातातही सुपारी का फुटते, ते आलं ना लक्षात?

पण सुपारी फोडायला दोन साधे लोखंडी दांडे पुरले असते. मग त्यावर घोडे, मोर, पोपट कशाला? याचं कारण आपल्या रीतिरिवाजात आहे. पूर्वी पाहुणा आला की पानाचं तबक पुढे यायचं. लग्न असो, बैठक असो, पानसुपारीशिवाय समारंभ पुरा व्हायचा नाही. अवघड काम अंगावर घेणारा ‘विडा उचलायचा’. म्हणजे अडकित्ता स्वयंपाकघरात लपून राहणारं हत्यार नव्हतं, चारचौघांत मिरवायची वस्तू होती. मग कारागिरांनी आपलं सगळं कसब त्याच्या मुठींवर ओतलं. मूठ पितळेची, कधी चांदीची, पण पातं मात्र पोलादाचं. कारण पितळ मऊ असतं, त्याला धार टिकत नाही. मिटल्यावर दोन दांड्यांचा मिळून एक घोडा दिसावा आणि उघडल्यावर त्याचा जबडा वासावा, अशी गंमतही कारागीर साधायचे. तेही हातात नीट बसेल, टोचणार नाही, हे सांभाळून!

असे अडकित्ते पाहायचे असतील तर पुण्याला जा. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे मूळचे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. पुढे त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला. तो छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला आणि पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचंच नाव त्यांनी या संग्रहालयाला दिलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा खजिना महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्वतःसाठी नाही, तुमच्या-आमच्यासाठी!

आणि या वस्तू कसल्या? राजांचे मुकुट नव्हेत. दिवे, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या आणि अडकित्ते! ज्या वस्तू लोकांना रोजच्या म्हणून क्षुल्लक वाटत होत्या, त्यांत केळकरांना कला दिसली.

असा छंद सातासमुद्रापलीकडेही एकाला लागला होता. सॅम्युएल आयलेनबर्ग हे नाव लक्षात ठेवा. १९१३ साली पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे हे फार मोठे गणिती. फळ्यावर गणितं मांडणारा हा माणूस आशियातल्या शिल्पांबरोबर अडकित्तेही जमवत होता. त्यांच्या संग्रहातल्या अडकित्त्यांवर एक अख्खा ग्रंथ निघाला आहे. आपल्या फडताळात गंजत पडलेल्या वस्तूवर!

आता एक गंभीर गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट सांगितलं की, सुपारीमुळे माणसाला कर्करोग होतो. तंबाखू नसली, तरीही! त्यामुळे सुपारी, मग ती गोड असो की सुगंधी, तुम्ही तोंडात टाकायची नाही. आजोबांनी सोडली, तर उत्तमच.

पण मग अडकित्त्याचं काय? काम संपलं म्हणून तो पितळेच्या मोडीत जातो. जुनी पितळ द्या, नवी भांडी घ्या! मोडवाला तराजूत वजन बघतो, मोर बघत नाही. ज्या मोराच्या पिसाऱ्यावर कारागिराने दिवसचे दिवस घालवले, तो किलोच्या भावाने जातो आणि मुशीत वितळतो. एकदा वितळला की संपलं. तो कारागीर आता पुन्हा यायचा नाही. म्हणून सांगते, सवय जाऊ दे, वस्तू राहू दे.

तुम्ही काय करू शकता? बाजारात जाऊन पैसे उधळू नका. घरातूनच सुरुवात करा. हे पाच नियम वहीत लिहून घ्या.

पहिला : अडकित्ता मोठ्या माणसांसमोरच हाताळायचा. तो जुना असला तरी धार विसरलेला नसतो.

दुसरा : चिंच, राख किंवा घासणी लावून तो चकचकीत करायचा नाही. घासल्यावर बारीक नक्षी झिजते आणि वर्षानुवर्षं चढलेला जुना रंग जातो. मऊ, कोरड्या कापडाने पुसा. लोखंडी पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात पुरे.

तिसरा : झीज वाचायला शिका. खऱ्या जुन्या वस्तूची नक्षी हात लागतो तिथे गुळगुळीत होते आणि खाचेत शाबूत राहते. पातं धार लावून लावून अरुंद झालेलं असतं. मुद्दाम जुनी भासवलेली नवी वस्तू पाहा. ती बहुधा सगळीकडे सारखीच काळी असते. हात काय सगळीकडे सारखा लागतो का?

चौथा : प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करा. लांबी किती, धातू कोणता, नक्षी कसली, कुणाचा, कुठून आला. मिटलेला अडकित्ता कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, की झालं चित्र! शेजारच्या काकूंचा असेल तर तो त्यांच्याकडेच राहू दे, चिठ्ठी तुमच्याकडे. हाही संग्रहच आहे, आणि बिनपैशाचा!

पाचवा : कायदा पाळा. शंभर वर्षं जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती आपल्या मर्जीने परदेशी पाठवता येत नाही. आणि हस्तिदंती मूठ कितीही सुंदर असली, तरी ती विकत घ्यायची नाही. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्या देशात बंद आहे. त्या मुठीसाठी हत्ती गेलेला असतो, हे विसरू नका.

या सगळ्यांत चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. धातू कपाटात शंभर वर्षं टिकेल, पण त्याची गोष्ट फक्त आजीला ठाऊक असते. “हा माझ्या सासूबाईंच्या माहेरचा,” एवढं एक वाक्य वेळेवर लिहिलं गेलं नाही, तर उरते नुसती पितळ.

तेव्हा येत्या रविवारी फडताळ उघडा, पानाचा डबा खाली काढा आणि आजीच्या शेजारी वही घेऊन बसा. तुमचा पहिला प्रश्न मी सांगते : “आजी, हा अडकित्ता घरात कुणी आणला गं?” पुढचे प्रश्न तुम्हालाच सुचतील!