बटण न दाबता मोटार चालू झाली: फर्मवेअर टेस्टिंगचा धडा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. आजचा विषय आहे नेटला जोडलेल्या डिव्हाइसचं फर्मवेअर टेस्ट कसं करायचं. उदाहरण आमच्या अहमदपूरच्या शेतातलं आहे, आणि चूक माझीच आहे.

मोबाईलवरून मोटार चालू करणं आपल्याकडं नवीन नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. गरज तर तुम्हाला माहीतच आहे. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री. अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा घरून बटण दाबलेलं बरं.

मी पण तसंच एक यंत्र बनवलं. ईएसपी-३२ बोर्ड, टू-जी मॉड्यूल आणि स्टार्टरला जोडलेला रिले. टेबलावर महिनाभर मस्त चाललं, मग काकांच्या विहिरीवर बसवलं.

एक दिवस लाईट नव्हती. काकांनी सवयीनं मोबाईलवर ‘चालू’ दाबलं, काही झालं नाही, म्हणून ते विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्हचा कचरा काढत बसले. वर आले, तेवढ्यात लाईट आली अन् मोटार धडाडली. फोनवर म्हणाले, “का रं, ऑटो तर बंद होता, मग चालू कशी झाली?”

काका दोन मिनिटं आधीच वर आले होते, एवढंच नशीब.

झालं काय होतं? आमचा निरोप एमक्यूटीटीनं जायचा. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला बनवला गेला. त्यात ‘रिटेन’ नावाची सोय आहे: सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि नवीन जोडणी झाली की लगेच देतो. तापमान दाखवायला हे उत्तम. पण मी ‘चालू’ची आज्ञाच रिटेन करून ठेवली होती. बोर्ड उठला, नेटला जोडला, शिळी आज्ञा मिळाली, त्यानं इमानदारीनं पाळली.

नुसतं रिटेन काढून भागत नाही, कारण रांगेत थांबलेला निरोपही उशिरा पोचू शकतो. आज्ञेवर वेळ टाकावी, तर नुकत्याच उठलेल्या बोर्डाला किती वाजले तेच माहीत नसतं. मग मी असं केलं: बोर्ड दर वेळी उठला की एक नवा रँडम नंबर बनवून सर्व्हरला कळवतो. तोच नंबर असलेली ‘चालू’ची आज्ञा तो मानतो. दवाखान्यातली कालची चिठ्ठी आज चालत नाही, तसं. ‘बंद’ मात्र कधीही, कुठल्याही नंबरनं चालतं.

आता टेस्टिंग. मोटारीच्या जागी बल्ब लावला. बोर्डाची सप्लाय दुसऱ्या एका रिलेवर घेतली, आणि पायथॉनची छोटी स्क्रिप्ट रात्रभर ती सप्लाय मनाला येईल तेव्हा तोडते अन् जोडते. कधी २ सेकंदांनी, कधी ३०. अट एकच: नवी आज्ञा नसताना बल्ब एकदाही लागता कामा नये, क्षणभरही नाही.

यात दोन गोष्टी सापडल्या, ज्या टेबलावर कधीच दिसल्या नसत्या.

पहिली, बोर्ड उठताना प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी रिलेची पिन अधांतरी असते. बल्ब लुकलुकायचा. कोडनं हे सुटत नाही, कारण कोड अजून चालूच झालेला नसतो. पिनला पुल-डाउन रेझिस्टर लावला, मग थांबलं.

दुसरी, टू-जी मॉड्यूल निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, आणि रेंज कमी असली की जास्तच जोर लावतं. शहरात रेंज फुल्ल, म्हणून कळलं नाही. बोर्ड अँटेनासकट स्टीलच्या डब्यात ठेवला, तर व्होल्टेज पडून तो परत परत रिसेट व्हायला लागला. सप्लाय दमदार घेतली, मॉड्यूलजवळ मोठा कपॅसिटर लावला.

अपडेटचीही हीच परीक्षा घ्या. नवं फर्मवेअर वेगळ्या जागेत उतरवायचं, जुनं पुसायचं नाही. नवं उठून सर्व्हरशी बोललं तरच ते कायम, नाहीतर परत जुन्यावर. आणि डाउनलोड अर्धं झालं की मुद्दाम सप्लाय तोडून बघा.

‘बटण दाबलं, मोटार चालू झाली’ ही टेस्ट पाच मिनिटांची आहे. बाकी सगळा वेळ ‘बटण दाबलं नाही, तेव्हा काय झालं’ याला द्या.

आणि शेतकरी मंडळींनो, यंत्र कुणाचंही असो, लाईट नसली तरी मेन स्विच पाडूनच विहिरीत उतरा. काकांना मी हे आता रोज सांगतो.

पुढच्या भागात वॉचडॉग टायमर. तुमचे प्रश्न पाठवत राहा.