सर जॉर्ज जेसेल : इंग्लंडच्या उच्च न्यायासनावरील पहिले यहुदी न्यायाधीश

(प्रार्थनामंदिरातील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



शोफेतीम या पाराशात न्यायाधीश कसे असावेत हे सांगितले आहे. त्यांनी तोंड पाहून न्याय करू नये, लाच घेऊ नये आणि न्यायाचा पाठपुरावा सोडू नये. ही आज्ञा आपल्या पूर्वजांना ज्या काळी दिली गेली, त्या काळी न्यायाधीश आपलेच होते. पुढे शतकानुशतके आपण परक्यांच्या दारी न्याय मागत उभे राहिलो. मग जेव्हा एका यहुदी गृहस्थाला दुसऱ्यांच्या राज्यात सर्वांचा न्याय करण्याचे आसन मिळाले, तेव्हा ते कसे मिळाले आणि त्यावर बसून त्यांनी काय केले, हा आजचा विषय आहे. ते गृहस्थ म्हणजे सर जॉर्ज जेसेल. ज्या देशात आज आपण राहतो त्या देशाच्या कायद्यावर त्यांचा ठसा अजूनही आहे.

बंद दारे आणि उघडी दारे

जॉर्ज जेसेल यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८२४ रोजी लंडन येथे झाला. वडील झाडोक जेसेल हे यहुदी व्यापारी होते. जॉर्ज यांचे शालेय शिक्षण नॉयमेगेन यांच्या क्यू येथील यहुदी शाळेत झाले. मुलगा बुद्धिमान होता. पण पुढे शिकायचे कोठे, हा प्रश्न होता. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच अँग्लिकन चर्चच्या धर्मसूत्रांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये शिकता येई, परंतु पदवी घेताना तीच अट आडवी येई. यहुदी मुलाने एक तर आपली श्रद्धा सोडावी, नाही तर पदवीची आशा सोडावी, असा तो पेच होता.

त्यातून वाट निघाली ती लंडनमध्येच. १८२८ साली युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झाले होते आणि तेथे कोणाचाही धर्म विचारला जात नसे. त्याच्या उभारणीत आयझॅक लायन गोल्डस्मिड या यहुदी गृहस्थांचा मोठा हात होता. जेसेल तेथे शिकले. १८४४ साली त्यांनी गणित व भौतिक विज्ञान या विषयांत सुवर्णपदकासह एम. ए. पदवी मिळवली.

येथे आपल्या मुंबईशी एक धागा जुळतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते याच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि तेथेही धर्माची अट नव्हती. आपले जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्या विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. जे दार जेसेल यांच्यासाठी लंडनमध्ये उघडले, तेच काही वर्षांनी बेने इस्राएल मुलांसाठी मुंबईत उघडले.

वकिलीच्या व्यवसायाची गोष्टही अशीच होती. १८३३ साली फ्रान्सिस गोल्डस्मिड हे लिंकन्स इन येथून इंग्लंडचे पहिले यहुदी बॅरिस्टर झाले. ख्रिस्ती श्रद्धेची शपथ त्यांना घ्यावी लागली नाही. त्याच लिंकन्स इनमधून जेसेल १८४७ साली बॅरिस्टर झाले. पहिल्या तीन वर्षांची त्यांची कमाई अनुक्रमे ५२, ३४६ आणि ७९५ गिनी अशी नोंदली गेली आहे. आज वकिली शिकणाऱ्या आपल्या मुलांनी पहिल्या वर्षाचा आकडा अवश्य लक्षात ठेवावा. १८६५ साली ते क्वीन्स काउन्सेल, म्हणजे ज्येष्ठ वकील झाले.

संसदेचे दार सर्वांत उशिरा उघडले. लायोनेल डी रॉथशिल्ड हे लंडनमधून पुनःपुन्हा निवडून येत. परंतु शपथेतील ख्रिस्ती शब्दांमुळे त्यांना आसन मिळत नसे. अखेर १८५८ साली कायदा बदलला आणि ते आत गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ साली, जेसेल डोव्हर येथून उदारमतवादी पक्षाचे सभासद म्हणून निवडून आले. दिवाळखोरीच्या कायद्यावरील त्यांच्या भाषणांनी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे लक्ष वेधले. नोव्हेंबर १८७१ मध्ये ते सॉलिसिटर-जनरल झाले. इंग्लंडच्या सरकारात पद मिळवणारे ते पहिले यहुदी होत. याच काळात बेंजामिन डिझरायली पंतप्रधानपदापर्यंत पोहोचले होते खरे. पण त्यांचा बाप्तिस्मा वयाच्या बाराव्या वर्षी झाला होता. जेसेल मात्र यहुदी म्हणून जगले आणि यहुदी म्हणूनच वर चढले.

चॅन्सरी लेनवरील घर

१८७३ साली जेसेल ‘मास्टर ऑफ द रोल्स’ झाले. हे नाव ऐकून आपल्याला काहीच बोध होत नाही, म्हणून थोडे स्पष्ट करतो. रोल्स म्हणजे राजाच्या चॅन्सरी कचेरीतील चर्मपत्रांच्या गुंडाळ्या. त्यांची राखण करणारा अधिकारी हळूहळू न्यायाधीश झाला आणि लॉर्ड चान्सेलरच्या खालोखाल समन्यायाच्या न्यायालयांत त्याचे स्थान ठरले.

या अधिकाऱ्याचे न्यायालय चॅन्सरी लेन येथील रोल्स हाऊसमध्ये भरे. त्या जागेचा इतिहास आपण प्रत्येकाने जाणावा असा आहे. १२३२ साली तिसऱ्या हेन्री राजाने तेथे एक घर बांधले. ते कोणासाठी? जे यहुदी आपला धर्म सोडून ख्रिस्ती होतील त्यांच्या निवासासाठी. १२९० साली पहिल्या एडवर्डने सर्व यहुद्यांना इंग्लंडबाहेर घालवले. पुढे १३७७ साली तिसऱ्या एडवर्डने ते घर रोल्सच्या राखणदाराकडे कायमचे सोपवले. म्हणजे मास्टर ऑफ द रोल्स हाच धर्मांतरितांच्या घराचाही रखवालदार ठरला. यहुद्यांना इंग्लंडमध्ये पुन्हा राहू देण्याचे १६५६ साली मान्य झाले. तोवर साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

धर्म सोडणाऱ्या यहुद्याला आसरा म्हणून जी जागा राजाने दिली, त्याच जागी १८७३ साली धर्म न सोडलेला यहुदी इंग्लंडचा न्यायाधीश म्हणून बसला. आज तेथे किंग्ज कॉलेजचे मॉन ग्रंथालय आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांनी मुलांना एकदा तरी ती इमारत दाखवावी.

जेसेल यांना या पदाबरोबर प्रिव्ही कौन्सिलचे सभासदत्वही मिळाले. पद स्वीकारल्यावर त्यांनी संसदेतील जागा सोडली. १८८१ पर्यंत ते रोल्स न्यायालयात मूळ दावे चालवीत आणि अपील न्यायालयातही बसत. १८८१ च्या कायद्याने त्यांना मूळ दाव्यांतून मोकळे केले आणि मास्टर ऑफ द रोल्स हा अपील न्यायालयाचा प्रमुख झाला. आजही इंग्लंडच्या दिवाणी अपिलांचा प्रमुख न्यायाधीश हाच असतो.

तीन निकाल

न्यायाधीशाचे चरित्र त्याच्या निकालांत असते. म्हणून तीन निकाल थोडक्यात सांगतो.

पहिला निकाल एपिंगच्या अरण्याचा. लंडनच्या ईशान्येकडील या अरण्यात जमीनदारांनी कुंपणे घालून गावाची चराई बंद केली होती. लंडन शहराच्या महामंडळाने आपल्या मालकीच्या तेथील थोड्याशा जमिनीच्या आधारे दावा लावला: या जमिनीबरोबर गुरे चारण्याचा हक्क येतो आणि तो साऱ्या अरण्यावर चालतो. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. नोव्हेंबर १८७४ मध्ये जेसेल यांनी निकाल दिला की १८५१ नंतरची कुंपणे बेकायदा आहेत. पुढे १८७८ च्या कायद्याने अरण्य लोकांसाठी कायमचे राखले गेले. आज ते सुमारे ६,००० एकर आहे. इलफर्ड आणि वॉन्स्टेड भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची मुले वॉन्स्टेडच्या मैदानावर खेळली असतील. ते मैदान त्याच अरण्याचा भाग आहे.

दुसरा निकाल १८८० सालचा, हॅलेट यांच्या मालमत्तेचा. हॅलेट हे सॉलिसिटर. अशिलाचे रोखे त्यांनी परवानगीवाचून विकले आणि आलेली रक्कम स्वतःच्या बँक खात्यात मिसळली. मग त्याच खात्यातून ते खर्च करीत राहिले आणि मृत्यू पावले. आता खात्यात उरलेला पैसा कोणाचा? साधे उदाहरण घेऊ. माझ्या खात्यात माझे शंभर पौंड आहेत. त्यात मी प्रार्थनामंदिराचे शंभर पौंड टाकले आणि नंतर शंभर खर्च केले. उरलेले शंभर कोणाचे? जेसेल म्हणाले की, जे काम माणूस प्रामाणिकपणे करू शकत होता, ते आपण अप्रामाणिकपणे केले असे त्याला म्हणता येणार नाही. त्याने आधी स्वतःचेच पैसे खर्च केले असे न्यायालय धरील. म्हणून उरलेले शंभर प्रार्थनामंदिराचे. त्याच निकालात त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली: समन्यायाचे नियम अनादी काळापासून चालत आलेले नाहीत; न्यायाधीशांनीच ते वेळोवेळी घडवले आणि सुधारले आहेत. आपल्या मंदिरांचे व संस्थांचे विश्वस्त म्हणून काम करणाऱ्यांनी हा निकाल जाणून घ्यावा. दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या खात्यात मिसळला म्हणून तो आपला होत नाही.

तिसरा निकाल १८८१ सालचा, रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड. रेडग्रेव्ह नावाच्या वृद्ध सॉलिसिटरला भागीदार हवा होता, आणि त्या भागीदाराने आपले राहते घरही विकत घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. व्यवसायाचे उत्पन्न वर्षाला सुमारे तीनशे पौंड आहे, असे त्यांनी हर्ड यांना सांगितले. दाखवलेल्या हिशेबांत दोनशेही भरत नव्हते. उरलेल्या रकमेसाठी त्यांनी कागदांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले. हर्ड यांनी ते कागद उघडले नाहीत. उघडले असते तर उत्पन्न नगण्य आहे हे दिसले असते. त्यांनी १,६०० पौंडांना घर घेण्याचे कबूल केले आणि १०० पौंड अनामत भरले. नंतर खरे कळताच त्यांनी व्यवहार नाकारला. खालच्या न्यायालयाने म्हटले, तपासण्याची संधी होती, ती तुम्ही घेतली नाही. जेसेल यांनी तो निकाल फिरवला. चुकीची माहिती देऊन करार घडवणाऱ्याला ‘तू तपासून पाहायला हवे होतेस’ असे म्हणण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी ठरवले आणि करार रद्द केला.

आपल्यापैकी अनेकांचे व्यवहार दोन्ही देशांत आहेत, म्हणून येथे एक सावधगिरीची सूचना देतो. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यातील १९ व्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीची गोष्ट वेगळी. पण केवळ चुकीच्या निवेदनामुळे संमती दिली असेल, आणि साधारण दक्षतेने सत्य शोधणे शक्य होते, तर करार रद्द करता येत नाही. इंग्लंडमध्ये जेसेल यांनी हर्ड यांना वाचवले. तशाच परिस्थितीत मुंबईत किंवा अलिबागमध्ये घर घेणाऱ्याला हे संरक्षण मिळेलच असे धरून चालू नये. तेथे कागद उघडून वाचणे हे आपलेच काम आहे.

स्वभाव आणि वारसा

जेसेल यांचा वेग प्रसिद्ध होता. ते निकाल क्वचितच राखून ठेवीत. वाद संपला की तेथल्या तेथे तोंडी निर्णय देत. वकिलांना मध्येच थांबवण्याची त्यांची सवय सर्वांना आवडत असे असे नाही. पण एवढ्या घाईत दिलेले त्यांचे निर्णय आजही विद्यार्थी अभ्यासतात. १८८० पासून ते लंडन विद्यापीठाचे कुलगुरूही होते. ज्या विद्यापीठाने धर्म न विचारता त्यांना पदवी दिली, त्याचीच धुरा त्यांच्याकडे आली.

मधुमेह आणि हृदयविकाराने ते त्रस्त होते, तरी न्यायासन सोडले नाही. १६ मार्च १८८३ रोजी ते शेवटचे न्यायालयात बसले आणि २१ मार्च रोजी निवर्तले. विल्झडन येथील यहुदी दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले.

त्यांच्या मागून इतर आले. रूफस आयझॅक्स, म्हणजे लॉर्ड रीडिंग, हे १९१३ साली इंग्लंडचे सरन्यायाधीश आणि १९२१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. आपल्या आजी-आजोबांनी ते नाव ऐकलेले असेल. जेसेल यांच्याच पदावर अलीकडे लॉर्ड वुल्फ आणि लॉर्ड डायसन हे यहुदी न्यायाधीश बसून गेले. आता त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले गेले. शनिवारी घाणा बंद ठेवण्याने त्यांची ओळख झाली आणि शेजाऱ्यांनी ती मानली. त्यामुळे आपल्या लोकांना श्रद्धा लपवून जगावे लागले नाही. इंग्लंडमधील यहुद्यांना ते सुख फार उशिरा लाभले, आणि ते आपोआप लाभले नाही. एकेक शपथ, एकेक अट हटवण्यासाठी गोल्डस्मिड, रॉथशिल्ड यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. जेसेल यांची बुद्धी असामान्य होती. पण ती दारे बंद असती तर ती बुद्धी घरातच राहिली असती. आपली मुले आज कोणतीही अट न पाळता या देशाच्या विद्यापीठांत जातात. ते दार कोणी उघडले हे त्यांना सांगणे, आणि आज ज्यांच्यासाठी एखादे दार बंद असेल त्यांच्याकडे पाहण्यास शिकवणे, हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे.